तात्यांची बारा बोअर

आमच्या आंबेखोरीत फौजेतून रिटायर होऊन आलेली एकतीस माणसं आहेत, आणि मतं मोजायला गेलं तर साठाच्या पुढं. शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. खाली वारणेकडं ऊस, वर कडेला भुईमूग आणि मका, त्याच्या वर जंगल. मी मिरजेला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. शनिवारी गावी येते, आणि दर शनिवारी पारावरून जाताना कुठल्या तरी चौकीवरची बर्फातली रात्र मला नव्यानं ऐकावी लागते.

या एकतिसांत माझे वडील एक. कृष्णात जोतीराम, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बावीस वर्षं नोकरी केली, नाईक म्हणून रिटायर झाले, आता एकोणसाठ वय. तात्या फार कमी बोलतात. त्यामुळं त्यांच्याबद्दल बोलायचं काम माझ्या आजोबांनी अंगावर घेतलं आणि जरा जास्तच मनापासून केलं. तात्या भरती होऊन पहिल्या सुट्टीला आले, तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "काय काम असतंय रं तिकडं?" तात्यांनी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मशीनगनवर हाय माझा ल्योक." झालं. त्या दिवसापासून तात्या मशीनगनवर.

खरं असं होतं की तात्या लंगरात होते. फौजेत स्वयंपाक करणाऱ्याला लांगरी म्हणतात, ते लांगरी. रायफल त्यांना चालवता येत होती, वर्षातून ठरल्या वेळी फायरिंगही व्हायचं, आणि नेम चांगला होता. पण रोजचं हत्यार म्हणजे हातभर लांब पळी. मला हे नवव्या वर्षी कळलं. ट्रंकेत एक फोटो सापडला, त्यात तात्या पांढरा एप्रन घालून भल्यामोठ्या पातेल्यापुढं उभे. आईनं फोटो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर आबांफुडं काढायचं न्हाई." तेव्हा मला तात्यांची लाज वाटली होती. मैत्रिणींना मी मशीनगनचंच सांगत राहिले. आता त्या लाजेची लाज वाटते, पण नऊ वर्षांच्या पोरीला तरी काय कळणार.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रानडुकरांनी गावाला जेरीस आणलं. भुईमुगाचं रान एका रात्रीत नांगरल्यागत उलथंपालथं व्हायचं. मका झोपायचा, ऊस बुडख्यातून चघळून टाकायचे. फटाके झाले, जुन्या साड्यांची कुंपणं झाली, डबे वाजवून झाले. मग एका सकाळी माझा चुलतभाऊ रविराज उसाला पाणी द्यायला गेला आणि सरीतून डुक्कर अंगावर आलं. सुळ्यानं मांडी उभी फाडली. त्याला मिरजेलाच आणलं होतं. एक्केचाळीस टाके. पाय वाचला, पण तो अजूनही जरा ओढतच चालतो.

रविराज घरी आल्यावर गावानं ठरवलं की आता रीतसर करायचं. वनखात्याकडं डुकरं मारायच्या परवानगीचा अर्ज, आणि कलेक्टर ऑफिसात पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा. बंदूक एकाच्याच नावावर मिळणार. लालासाहेब सुभेदार गावातले सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे, पण वय चौऱ्याहत्तर आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. बाकीचे कुणी पुण्याला सिक्युरिटीत, कुणाला बीपी. मशीनगनवाला गावात बसलेला असताना दुसऱ्याचं नाव निघायचं कारणच नव्हतं.

अर्ज सुभेदारकाकांनी आपल्या ठळक अक्षरात भरला. एकच रकाना रिकामा राहिला. हत्यार कोणतं आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, किती.

त्या रकान्यावर भैरोबाच्या देवळात जी बैठक झाली, ती मी पायरीवर बसून ऐकली. आधी अर्धा तास ज्यानं त्यानं आपापल्या नोकरीतली रायफल मागितली. ती फौजेची बोअर साध्या माणसाला मिळत नाही, हे कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. मग सुभेदारकाका उभे राहिले. "थर्टी झिरो सिक्स घ्यायची," ते म्हणाले. "परदेशात ह्याच रायफलीनं अस्वलं पाडत्यात. चारशे मीटरवरनं डुक्कर जागच्या जागी. आन उद्या गवा खाली उतरला, तर त्यालाबी भारी."

"गव्याला मारायची परवानगी न्हाई, सुभेदार," तात्या म्हणाले. त्या दिवशी ते बोललेलं हे एकच वाक्य.

"आरं, मारायचं कोण म्हणतंय? पर हत्यार कसं, हाती घेतल्यावर गाव सरळ झालं पायजे."

जयराज नावाचे आमचे शेजारी छऱ्याच्या बंदुकीच्या बाजूचे. त्यांच्या मते एका काडतुसात मूठभर छर्रे असतात, त्यातला एखादा तरी लागणारच, नेम धरायची भानगड नको. यावर हशा झाला, कारण जयराजकाकांच्या नेमाबद्दल गावाला माहिती आहे. शेवटी सगळी तोंडं तात्यांकडं वळली. आबा त्यांच्या शेजारीच बसले होते, शहाऐंशी वर्षांचे, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. ते गर्दीकडं बघून म्हणाले, "त्यालाच इचारा की. त्याच्याएवढ्या गोळ्या कुणी झाडल्यात हितं?"

तात्यांनी आठ दिवस मागून घेतले.

ते आठ दिवस तात्या रानात फिरले. सकाळी उजाडता उजाडता जायचे आणि डुकरं कुठून उतरतात, कुठून परत चढतात ते बघायचे. मग पावलं मोजायची. उसाच्या कडेपासून ओढ्यापर्यंत किती, ओढ्यापासून टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडतात त्या माळापर्यंत किती. ऊसतोडीची टोळी दर साली त्याच माळावर उतरते, आणि तिथं हंगामभर लेकरं खेळत असतात. मी शनिवारी आले तेव्हा माझ्या जुन्या वहीच्या पाठीमागं त्यांनी सगळ्या रानाचा नकाशा काढला होता, आणि त्यात माणसं राहतात तिथं तिथं पेन्सिलीनं गोल केले होते.

सोमवारी ते माझ्याबरोबर मिरजेला, बंदुकीच्या दुकानात आले. दुकानदारानं फौजी म्हटल्यावर चहा मागवला आणि आधी रायफलच काढली. तात्यांनी ती खांद्याला लावली, नळी भिंतीकडं धरून. खरं सांगू का, शोभत होती त्यांना. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही घेतली की गावात वट." तात्यांनी विचारलं, "नेम चुकला तर गोळी कुठवर जाती?" दुकानदार म्हणाला, तीन किलोमीटरच्या पुढंसुद्धा. तात्यांनी रायफल हळूच टेबलावर ठेवली. मग दुनळी मागितली, बारा बोअरची. तिची दोन तऱ्हेची काडतुसं मागितली, एक छऱ्यांचं आणि एक ज्यात शिशाचा एकच जाड गोळा असतो ते. दोन्ही तळहातांवर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

बसस्टँडकडं चालताना त्यांनी मला समजावून सांगितलं. दुनळीची एक गोळी, जमिनीपासून दहा फुटांवर राखणीच्या माळ्यावरनं, पंचवीस पावलांच्या आत. गोळी खाली जाणार. लागली तर डुकरात, चुकली तर मातीत. रायफल आपल्या गावाला नको, चारी बाजूंनी माणसं आहेत. आणि छर्रे तर बिलकूल नकोत.

"छर्रे का न्हाईत?" मी विचारलं.

"नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थर असतोय, तळहाताएवढा जाड. छर्रे त्यातच अडकत्यात. जनावर मरत न्हाई, पिसाळतंय. मग त्ये रविराजचं झालं तसं दुसऱ्या कुणाचं तरी करणार."

"हे तुमाला कसं ठाऊक?"

तात्या थांबले. नागालँडला पोस्टिंग असताना, ते म्हणाले, तिथल्या गावकऱ्यांनी सणाला युनिटला एक रानडुक्कर दिलं होतं. ते तात्यांनीच सोललं. खांद्याच्या त्या थरात अकरा छर्रे निघाले, चिंचोक्यासारखे चपटे झालेले, जुने. वर कातडी भरून आली होती. इतके छर्रे अंगात घेऊन ते जनावर वर्षानुवर्षं हिंडत होतं.

"मग बैठकीत हेच सांगा की," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. मशीनगनवाला माणूस लंगरात डुक्कर कशाला सोलत बसेल? ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, आणि तेही आबांच्या देखत. नाही सांगितलं तर रकान्यात थर्टी झिरो सिक्स तरी येणार, नाहीतर जयराजकाकांचे छर्रे. एकीकडं आबांची चाळीस वर्षांची ऐट, दुसरीकडं वहीतले ते पेन्सिलीचे गोल.

"काय करणार मग?" मी विचारलं.

"बघू," तात्या म्हणाले. बस आली आणि ते चढले.

दुसऱ्या बैठकीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांनी आधी पल्ल्याचं सांगितलं. नकाशा दाखवला. सुभेदारकाकांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "आरं गड्या, जल्मभर मशीनगन चालवलीस आन आता पल्ल्याला भितोस व्हय?" लोक हसले. मग जयराजकाकांनी छऱ्याचं पुन्हा काढलं. तात्यांनी त्या जाड थराचं सांगितलं. जयराजकाका म्हणाले, "पुस्तकात वाचलंस का मोबाइलवर बघितलंस? आमच्या आज्यानं छऱ्यानंच डुकरं मारली हुती." अर्धी बैठक रायफलीकडं, अर्धी छऱ्यांकडं. सुभेदारकाकांनी पेनाचं टोपण काढलं. रकान्यात थ लिहिलासुद्धा.

"थांबा, सुभेदार," तात्या म्हणाले. "मी बघितलंय. ह्या हातानं सोललंय. मी मशीनगनवर कवाच नव्हतो. मी बावीस वर्सं लंगरात हुतो. लांगरी."

तात्यांनी नागालँडचं सगळं सांगितलं, अकरा छर्रे सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "नेमाचं इचाराल तर वर्साच्या फायरिंगला माझं कार्ड चांगलं यायचं, कागद घरी हाय. तरी लांगऱ्याच्या हातात बंदूक नको वाटत असंल, तर दुसऱ्याचं नाव घाला, मी वाईट वाटून घेणार न्हाई. पर बोअर बाराच घाला. एक गोळी, माळ्यावरनं, खाली."

मी आबांकडं बघत होते. त्यांनी काठी टेकली, उठले, आणि कुणाकडंही न बघता देवळाच्या पायऱ्या उतरून गेले. त्यांना धरायला मी पुढं झाले तर त्यांनी माझा हात झिडकारला. मागं वळून बघितलं तेव्हा सुभेदारकाका तो थ खोडत होते. खोडून त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, दुनळी, बारा बोअर. मग अर्जाचं पहिलं पान उलटून तात्यांच्या नावापाशी गेले आणि म्हणाले, "नाव ह्येच ऱ्हाईल. ज्याला बंदुकीचं भ्या कळतंय, त्याच्याच हातात ती बरी." त्या दिवशी मला माझ्या बापाचा जितका अभिमान वाटला, तितका मशीनगनच्या सगळ्या गोष्टी एकत्र केल्या तरी कधी वाटला नव्हता.

परवाना यायला अकरा महिने लागले. अकरा महिने आबा तात्यांशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच ओळीत जेवायला बसून. काही सांगायचं असलं तर आईमार्फत. "मंगल, त्याला म्हणावं मोटार सुरू कर." तात्या समोरच बसलेले असायचे. ते उठायचे आणि पाण्याची मोटार सुरू करायला जायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "आवं मामंजी, मी काय टपालखातं हाय का?" तरी फरक पडला नाही. आबांनी पारावर जाणंही सोडलं. मी शनिवारी आले की अंगणात एकटे दिसायचे. शहाऐंशीचे सत्त्याऐंशी झाले. हे असंच राहून गेलं तर, असं तात्यांच्या मनात येत असणारच.

बंदूक आली ती थंडीच्या तोंडाला. वनखात्याची परवानगीही हातात पडली. एका पहाटे, नुकतं तांबडं फुटत असताना, कळप भुईमुगातून वर चालला होता. मोठा नर सगळ्यांत मागं. तात्या माळ्यावर, खाली वनरक्षक आणि जयराजकाका ओढ्याच्या आडाला. एकच बार झाला. नर चार पावलं गेला आणि बसला. पंचनाम्याच्या वेळी वनरक्षकानं दाखवलं, गोळी खांद्याचा तो थर फोडून आरपार गेली होती आणि पलीकडं वीतभर मातीत रुतून बसली होती. आणि त्या थरात दोन जुने छर्रे होते. ते जयराजकाकांनी स्वतः हातात घेऊन बघितले आणि खिशात टाकले. जनावर नियमाप्रमाणं तिथंच खड्डा काढून पुरलं.

सकाळभर आमच्या अंगणात माणसं येत होती. सुभेदारकाका आले आणि दारातूनच म्हणाले, "नाईक लांगरी, शाब्बास!" तात्या लाजले. एकोणसाठ वर्षांचा माणूस इतका लाजताना मी पहिल्यांदा बघितला.

दुपार कलली, माणसं पांगली. आबा ओसरीवर बसले होते. तात्या बंदूक साफ करून आत ठेवायला निघाले, तेव्हा आबांनी हाक मारली.

"कृष्णा."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तात्या जागच्या जागी उभे.

"किती माणसं असायची रं जेवायला?"

"सहाशे, आबा. दोन्ही टायमाला."

आबांनी काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मला राग हाय. तू सैपाक केलास म्हणून न्हाई. मी इतकी वर्सं गावात खोटं बोलत हिंडलो, आन तू मला हिंडू दिलंस."

"तुमी लय खुशीत असायचा, आबा. मला मोडवंना."

"सहाशे माणसं जेवली तुझ्या हातचं," आबा म्हणाले. "मी काय पाप केलं हुतं? चूल पेटव."

आमच्या घरात तात्यांनी तोवर कधी चहासुद्धा ठेवला नव्हता. हातांची सवय दिसली तर आबांना कळेल, या भीतीनं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबायचे, आणि आई त्यांना काही येत नाही म्हणून गावभर नावं ठेवून ते झाकून घ्यायची. आबांना कळल्यावरही ती सवय सुटली नव्हती. त्या संध्याकाळी ते आत गेले, हात धुतले, बाह्या वर केल्या. कांदा कापायला घेतला तर सुरी दिसेना, नुसता आवाज. आई बाजूला उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. तासाभरानं तिच्या लक्षात आलं की डाळीचं मोठं पातेलं काठोकाठ भरलंय आणि पोळ्यांची चळत तिच्या कमरेला लागतेय.

"आवं, चार माणसं हाईत घरात!"

तात्या पातेल्याकडं बघत राहिले. "कमी करायचं ठाऊकच न्हाई मला," ते म्हणाले.

मग रविराजला गल्लीतून पिटाळलं. सुभेदारकाका आले, जयराजकाका आले, एकतिसांतले गावात होते तेवढे सगळे आपापली ताटं घेऊन आले. अंगणात पंगत बसली. तात्या वाढायला निघाले तर आबांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा, एका हातात काठी, एका हातात पळी, मी पातेलं धरून त्यांच्या मागं. सुभेदारकाका म्हणाले, "आबा, तुमी बसा, आमी घेतो." आबांनी ऐकलं नाही. प्रत्येकाच्या ताटापुढं थांबायचे, डाळ वाढायचे, आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, तेच सांगायचे.

"खा. माझ्या लेकानं केलंय."